मोकळा दिवस नेमका किती मोकळा?

कट्ट्यावर गप्पा मारताना मास्तरांनी आम्हाला अट घातली ती अशी: एक दिवस पूर्ण मोकळा. घरचं सगळं दुसरं कुणीतरी बघतंय, पैशाची काळजी नाही, फोन वाजणार नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत काय कराल? "स्वप्नं चालतील, थापा चालणार नाहीत," हेही वर बजावलं.

बाळ्या याच प्रश्नाची वाट बघत बसल्यासारखा सुटला. साडेपाचला उठायचं, सहाला पळायला, सात ते नऊ वाचन, मग तासभर गिटार, दुपारी राहून गेलेला एखादा सिनेमा, संध्याकाळी सायकल आणि रात्री दुर्बीण घेऊन आकाश बघायला. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक. यातली सुट्टी किती वाजता आहे?"

हशा पिकला, बाळ्या तापला. "काही ठरवलं नाही तर दिवस कसा जातो सांगू? अंथरुणात मोबाइल चाळत. अकरा कधी वाजले कळत नाही. मग वाटतं, आता उरलंय काय. आणि संध्याकाळभर चिडचिड."

"मग चिडचिड कर, पण निवांत कर." ताई रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते. कुणाची आठची गोळी, कुणाचं नऊचं इंजेक्शन, मध्येच कुणाचा रक्तदाब. "माझ्या दिवसात घड्याळच नसेल. जाग येईल तेव्हा उठेन, अर्धवट राहिलेलं शब्दकोडं घेऊन बसेन, नाही सुटलं तर परत झोपेन."

घड्याळच नको म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा पडला. जुनी चावीची घड्याळं उघडून दुरुस्त करणं यात त्यांचा जीव अडकलेला. पण ते नंतर.

इथे मी तोंड घातलं. 2016 साली गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोक या दोन संशोधक बायकांनी नेमकं हेच तपासलं होतं. मजेची गोष्ट अमुक वाजता असं पक्कं ठरवलं की ती कामासारखी वाटायला लागते. वाट बघण्यातली मजाही जाते आणि करण्यातलीही. पण तीच गोष्ट 'दुपारी कधीतरी' एवढ्यावर ठेवली तर तसं होत नाही. म्हणजे बेत असावा, पण सैल.

ताईने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बाळ्याने नाही. "कधीतरी? डिसेंबरच्या 13-14 तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. तो 'जाग येईल तेव्हा' बघायचा? अंधाराला डोळे सरावायलाच वीस-तीस मिनिटं लागतात. त्यात चंद्र वर असला तर फिकट उल्का गेल्याच. आकाशाचं वेळापत्रक मी बनवलेलं नाही."

हे मला पटलं. काही छंदच असे असतात की वेळ ते ठरवतात आणि आपण हजर राहायचं असतं. मासे धरणारा, पक्षी बघणारा, पहाटेच्या उजेडात फोटो काढणारा, यांना कधीतरी म्हणून कसं चालेल? पण मग माझं म्हणणं असं की उल्का बघायच्या त्या रात्री बाळ्याने फक्त उल्का बघाव्यात. सकाळचं पळणं, नऊपर्यंतचं वाचन आणि तासभर गिटार ही आवड नाही, ती हजेरी आहे. हे मी बोलूनही दाखवलं. त्यावर त्याने माझा छंद विचारला, आणि "कट्ट्यावर बसणं" हे उत्तर त्याने ग्राह्य धरलं नाही.

अण्णा एवढा वेळ गप्प होता. अण्णा पाट्या रंगवतो. शाळेत असल्यापासून वह्यांची कव्हरं, बाक, भिंत, जे दिसेल त्यावर अक्षरं काढत सुटायचा. त्यामुळे त्याच्या दिवसात ब्रश असणारच असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

"ब्रशला हात लावणार नाही," अण्णा म्हणाला. "नदीत डुंबेन. काठावर पडून राहीन. कुठे पाटी दिसली तर वाचणारसुद्धा नाही."

"अरे, पण तुझी आवड ना ती?"

"होती. लोक म्हणतात, नशीबवान आहेस, आवडीचंच काम मिळालं. आता अक्षर मी काढतो, पण जाड किती आणि लाल किती ते गिऱ्हाईक सांगतं."

मास्तर एकदम सरसावले. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेलं, 1973 सालचा एक प्रयोग त्यांना तोंडपाठ. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. नंतर काही दिवसांनी तेच पेन वर्गात ठेवले आणि आपणहून कोण किती वेळ चित्रं काढतंय ते पाहिलं. आधी बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ पेनांजवळ रमली.

"बघ!" बाळ्या म्हणाला. "म्हणून छंदाला पैशाचा हात लागू देऊ नये."

"पुरतं ऐक," अण्णा म्हणाला. "ज्यांना न सांगता बक्षीस दिलं, त्यांची आवड कमी झाली का?"

"नाही झाली," मास्तर म्हणाले.

"मग पैशाला कशाला नावं ठेवता? आणि त्या पोरांना घर चालवायचं नव्हतं. माझं घर ब्रशने चाललंय. फक्त सुट्टीच्या दिवशी तो आणि मी एकमेकांचं तोंड बघत नाही."

यावर कुणालाच काही सुचलं नाही. हल्ली कुणी चार चांगले फोटो काढले किंवा विणकाम केलं की शेजारपाजारचे लगेच विचारतात, 'विकत का नाही?' असं विचारणाऱ्यांनी अण्णाकडे दोन मिनिटं बसून जावं असं मला वाटतं. त्याची काही तक्रार नाही, पण नवी आवड शोधायला त्याला नदीवर जावं लागलं.

ताईने मोर्चा मास्तरांकडे वळवला. "तुम्ही निवृत्त. तुम्हाला रोजच असा दिवस. तुम्हीच सांगा, कसा लागतो?"

बाळ्याला संधी मिळाली. 2021 साली अमेरिकेतल्या लोकांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष त्याने मास्तरांपुढे आपटला: दिवसाचा मोकळा वेळ साधारण दोन तासांपर्यंत वाढला की माणसाला बरं वाटतं, पण पाचाच्या पुढे गेला की समाधान उलट घसरायला लागतं. "म्हणजे मास्तर, तुम्ही कधीचेच घसरणीला लागलेले!"

"तो अभ्यास मीही वाचलाय," मास्तर म्हणाले. "तू सोडलास तो भाग मी सांगतो. हाती काहीतरी अर्थाचं असेल तर ती घसरण दिसत नाही. जुन्या घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे आतलं मागेपुढे झुलणारं चाक, तासाला 18,000 ठोके देतं, सेकंदाला पाच. ते मंद का पडलंय हे शोधताना माझे पाच तास कुठे जातात ते मला विचार."

वाद इथेच संपला असता, पण एक गोष्ट खटकत होती. चौघांनी मिळून चार दिवस रंगवले आणि एकाच्याही दिवसात दुसरं माणूस नव्हतं. दुर्बीण होती, शब्दकोडं होतं, नदी होती, घड्याळ होतं. मी हे म्हटल्यावर ताई पटकन म्हणाली, "माझ्या दिवसात कोण येणार? माझी सुट्टी येते मंगळवारी नाहीतर गुरुवारी. तेव्हा तुम्ही सगळे कामावर."

सोव्हिएत रशियाने हे अख्ख्या देशावर करून पाहिलं होतं. 1929 मध्ये कारखाने कधीच बंद पडू नयेत म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडला आणि कामगारांचे पाच गट केले, प्रत्येक गटाला एक रंग. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी, पण गटागटाची सुट्टी वेगळ्या दिवशी. हिशेबाने सुट्ट्या वाढल्या, सातव्याऐवजी पाचव्या दिवशीच विश्रांती. तरी लोक वैतागले, कारण नवऱ्याचा रंग वेगळा, बायकोचा वेगळा, मित्रांचा तिसराच. 1931 मध्ये सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला आणि 1940 मध्ये गाडी पुन्हा सातावर आली.

"म्हणजे मी अजून 1929 मध्येच आहे," ताई म्हणाली.

मग बाळ्याने सरळ फोन काढला. पुढच्या महिन्यात चौघांना आणि मला जमेल असा एक तरी दिवस काढायचाच. रविवार ताईमुळे बाद. मंगळवारी अण्णाला एक मोठी पाटी पुरी करून द्यायची. गुरुवारी ताई मोकळी, अण्णा मोकळा, बाळ्या रजा टाकायला तयार, मीही काहीतरी सांगून निघेन. ठरलं! मास्तरांना विचारायची गरजच नव्हती.

"गुरुवारी मला नाही जमायचं," मास्तर म्हणाले. "एक गजराचं घड्याळ उघडून ठेवलंय, ते त्या दिवशी लावायचंय."

"किती वाजता?" बाळ्याने विचारलं.

"दुपारी," मास्तर म्हणाले. "कधीतरी."