वायरच्या अलार्मलाही रिमोट बसतो

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: घरातला चोर-अलार्म वायरचा असेल तर चावीच्या जुडग्यातला रिमोट चालत नाही, सगळी सिस्टीम नवी घ्या. साफ चूक. दारा-खिडक्यांचे सेन्सर, भिंतीतल्या वायरी जागच्या जागी राहतात. पॅनलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला, फक्त रिमोटचा सिग्नल पकडणारा वायरलेस रिसीव्हर जोडायचा. पॅनलशी जुळणारा मिळाला तर तो बहुधा कीपॅडच्याच (कोड टाकायच्या बटणांच्या) चार वायरींवर बसतो. नाही मिळाला तर रिलेवाला (सिग्नल आला की आतला स्विच चालवणारा) सुटा रिसीव्हर घेऊन पॅनलवरच्या रिकाम्या झोनला, म्हणजे सेन्सर जोडायच्या जागेला, जोडा आणि तो झोन प्रोग्रॅमिंगमध्ये ‘की-स्विच’ (अलार्म चालू-बंद करणारा) करा. झोनचा रेझिस्टर (वायर शाबूत आहे हे पॅनलला कळावं म्हणून लावलेला छोटा भाग) तेवढा राहू द्या. घाईतला मिस्त्री नेमका तोच काढून फेकतो.

रिमोट मात्र रोलिंग कोडचाच, म्हणजे दर दाबाला कोड बदलणारा, घ्या. स्थिर कोडचा, ४३३ मेगाहर्ट्झवाला स्वस्त रिमोट चावी बनवणाराही कॉपी करून देतो.