ताई, बोट द्या!

उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक 'नवशिक्यांसाठी सोपा' असं जाहिरातीत छापणाऱ्या माणसाला एकदा पहाटे तीन वाजता त्या बर्फात उभं करायचंय मला. १२,५०० फूट! आपलं कळसूबाई ५,४००. डेहराडून ते सांकरीची वळणं, त्या उलट्या, जुडा का तालाबच्या मुक्कामाचा गारठा, सगळं सोडून देते. ते सगळ्यांनाच भोगावं लागतं.

नाशिकचे काका मात्र माझ्याच नशिबी. गळ्यात दोरीने ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. तंबूतून डोकं बाहेर काढलं की, "ताई, बोट द्या." चहाचा कप हातात आला की, "बोट द्या." निवडणुकीतसुद्धा माझ्या बोटाला इतका भाव मिळाला नव्हता.

शेवटच्या चढावर धापा टाकत उभी होते, तेवढ्यात काकांनी माझा हातमोजाच ओढला.

"एकोणऐंशी!"

हेडटॉर्चची अख्खी रांग माझ्याकडे वळली.

"काका, बोट गारठलंय. थंड बोटावर आकडा कमीच येतो."

"यंत्र जपानी आहे."

"थंडी तर इथलीच आहे ना!"

"माझं बघा, चौऱ्याण्णव. रोज अनुलोम-विलोम."

"अहो, तुमचा हात मघापासून गरम पाण्याच्या बाटलीवर आहे!"

"रागावू नका ताई. रागाने अजून उतरतो."

गाइड आला. डोकं दुखतंय? नाही. मळमळतंय? नाही. सरळ चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाला, "चलो दीदी." त्याने आकडा विचारलाच नाही. पण तोवर माझा पेशंट झाला होता. एकाने सॅक काढून घेतली, कॉलेजची पोरं "आंटी को जगह दो" म्हणाली. आंटी!

वर स्वर्गारोहिणी शिखरावर ऊन आलं होतं. बघते कोण? माथ्यावर रोवलेल्या त्रिशुळाजवळ फोटोची रांग, आणि खाली बर्फात मॅगीची रिकामी पाकिटं. सोपा सोपा म्हणत माणसं ओतायची, पाकिटं कुणी उतरवायची? ते कुठल्याच जाहिरातीत नसतं. काकांनी त्रिशूळ धरून फोटो काढले. एकात ऑक्सिमीटरही, चौऱ्याण्णवसकट.

काल त्यांनी ग्रुपवर सगळ्यांच्या आकड्यांचा तक्ता टाकला. मी तळाला, लाल रंगात. काढून टाका म्हटलं, तर हात जोडलेली इमोजी आली. खाली लिहिलं होतं, "बीट खात जा."