छत्रीची धावपट्टी

पार्ल्यातल्या आमच्या कट्ट्यावर बोलणं सलग होत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी विमानाची घरघर येते, सगळे गप्प होतात, आणि वाक्य तुटलं तिथून पुन्हा सुरू होतं.

परवा विषय मिल्याने काढला. त्याचा मामेभाऊ यवतमाळला कापूस करतो. "2017 ला तिकडे फवारणीच्या विषबाधेने किती मजूर गेले, आठवतंय ना? पाठीवर पंप लावून माणसं कशाला मारायची? परदेशात विमानं फवारतात, आणा की आपल्याकडे."

"ती उडतानाच आपटतात," संज्या म्हणाला. त्याने व्हिडिओ बघितला होता. "पायलट शिकाऊ असणार."

नाना खवळले. विमानदुरुस्तीत जन्म गेलाय त्यांचा. "शिकाऊ? दिवसात वीस-वीस वेळा टाकी भरून उडतो तो!" त्यांनी छत्री कट्ट्यावर आडवी ठेवली. "ही धावपट्टी." काडेपेटी ठेवली, "हे विमान." पलीकडच्या टोकाला स्वतःचा कटिंगचा ग्लास. "ही बाभळ."

मग आकडे. एअर ट्रॅक्टर 802 या फवारणीच्या विमानाच्या टाकीत साधारण 3000 लिटर मावतं आणि रिकामं विमानही जवळपास तीन टनांचंच असतं. म्हणजे स्वतःच्या वजनाएवढं पाणी पोटात घेऊन पळायचं. आपल्या विमानतळाची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. तिकडे बऱ्याचदा शेताकडेचा मातीचा तुकडा, तोही भिजलेला. वजन दहा टक्के वाढलं की धाव वीसेक टक्क्यांनी लांबते. त्यात ऊन. समुद्रसपाटीला 40 अंश असले की हवा विरळ होते. "विमानाला वाटतं आपण तीन हजार फुटांवर आहोत. माथेरानच्याही वर."

"पण उचलतं तर खरं," संज्या म्हणाला. "व्हिडिओत चाकं सुटली होती."

"तीच तर फसवणूक!" नानांनी काडेपेटी छत्रीपासून बोटभर वर धरली. जमिनीलगत पंखांना हवेचा जास्त टेकू मिळतो, तेवढ्यावर जड विमान तरंगतं. पायलटला वाटतं, उडलो. थोडं वर गेलं की टेकू सुटतो. समोर बाभळ. तो घाबरून नाक वर ओढतो, वेग आणखी पडतो, पंख हवा सोडतात. काडेपेटी ग्लासावर आदळली आणि चहा छत्रीवर सांडला.

"मग पाणी सोडून द्यायचं ना!" मिल्या म्हणाला.

"दांडी असते. ओढली की पोटाचं दार उघडतं, काही सेकंदांत टाकी रिकामी. पण नाक उसळतं, ते दाबून धरावं लागतं. आणि ओढायची वेळेत."

"मग ओढत का नाहीत? औषध महाग म्हणून?"

"तेही असेल. पण वाटतं, अजून जरासं, उचलेल."

हे मला पटलं. सुटलेल्या लोकलमागे फलाट संपेपर्यंत धावणारा मी आहेच की. नानांचा हिशेब वेगळा: निम्मी धावपट्टी संपली तरी उड्डाणाच्या वेगाचा 70 टक्के वेग आला नसेल, तर थांबायचं. आधीच तिथे झेंडी रोवून ठेवायची. डोळ्यांनी ठरवायचं, मनाने नाही.

"त्यापेक्षा टाकीच अर्धी भरा," मिल्या म्हणाला.

"म्हणजे फेऱ्या दुप्पट. आणि दुप्पट वेळा उड्डाण."

"मग ड्रोन! दहा लिटरची टाकी, आत माणूसच नाही."

संज्याने ड्रोनचीही बाजू घेतली नाही. त्याच्या मते दहा लिटरने विदर्भ भिजायला पुढची पिढी लागेल. मिल्या म्हणाला, पंपवाल्या मजुराच्या पाठीवर तरी याहून किती लिटर असतात? त्याला उत्तर आलं नाही. नाना काहीतरी म्हणाले, पण वरून विमान गेलं.

आवाज ओसरल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात?"

"चहा सांग म्हटलं. माझा बाभळीत गेला."