वजनगटाचा रकाना

गेल्या रविवारी भाच्याने शरीरसौष्ठव स्पर्धेचा अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मामा, आईला तूच समजव." तो सतरा वर्षांचा असल्यामुळे पालकाची सही लागते आणि ताईने सही करायला साफ नकार दिला आहे. बारावीचे वर्ष आहे हे एक कारण, आणि चारचौघांत लंगोटाएवढ्या चड्डीवर उभे राहायचे हे दुसरे, जे ती उघड बोलत नाही. भाऊजींचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे: पोरगा व्यसनाच्या वाटेला जात नाही, पहाटे साडेपाचला उठतो, मग त्याला अडवायचे कशाला? मला दोघांचेही पटत नाही, कारण ज्या प्रश्नावर हा निर्णय व्हायला हवा तो दोघांनीही विचारलेला नाही. माझे सगळे लक्ष अर्जातल्या वजनगटाच्या रकान्यावर आहे.

भाच्याचे आजचे वजन ६७ किलो आहे आणि त्या रकान्यात त्याने ६० लिहिले आहे. स्पर्धेला पाच आठवडे उरले आहेत. व्यायामशाळेतल्या सरांनी त्याला सांगितले आहे की सत्तर किलोपर्यंतच्या गटात मोठी मुले येतात, तिथे तू बारीक दिसशील; साठमध्ये उतरलास तर पदक नक्की. हिशोब म्हणून यात काही चूक नाही. फक्त हे सात किलो कुठून जाणार, एवढेच त्यात सांगितलेले नाही. पाच आठवड्यांत चरबी जेमतेम अडीच-तीन किलो उतरते, तीही नीट खाऊन. उरलेले वजन स्नायूंतून आणि पाण्यातून काढावे लागते. पाणी काढायचे म्हणजे आधी मीठ तोडायचे, मग पाणी तोडायचे आणि शेवटी कुणीतरी लघवी होण्याची गोळी हातावर ठेवते.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९४ मध्ये परळच्या एका मंडळाच्या स्पर्धेत मी साठ किलो गटात उभा राहिलो होतो. आदल्या दुपारपासून मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मंचामागे पोरे विटा उचलून पंप आणत होती, म्हणजे स्नायू रक्ताने फुगवत होती, आणि एक जण सगळ्यांच्या पाठीला तेल चोपडत होता. मी गुळाचा खडा चघळत होतो, पण तोंडात लाळच नसल्यामुळे तो विरघळत नव्हता. पंचांनी पाठमोरे करून डबल बायसेप्स, म्हणजे दोन्ही दंड फुगवून दाखवायची पोझ मागितली, मी पाय मागे रोवून पोटरी आवळली आणि त्याच क्षणी मांडीच्या मागे असा गोळा आला की हात वर असतानाच मी वाकलो. लोक हसले. त्याचे मला आज काहीच वाटत नाही. त्या रात्री छातीत होणारी धडधड मात्र मला अजून आठवते. तेव्हा ती मी आनंदाची समजलो होतो. पाण्याबरोबर शरीरातले सोडियम आणि पोटॅशियम बिघडले की हृदयाचा ताल चुकतो, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

भाच्याने मला अर्नोल्ड श्वार्झनेगरची गोष्ट ऐकवली. १९६५ मध्ये तो अठरा वर्षांचा असताना ऑस्ट्रियाच्या सैन्यातून विनापरवानगी निसटून स्टुटगार्टला गेला आणि ज्युनियर मिस्टर युरोप स्पर्धा जिंकून आला, ही कथा प्रत्येक जिममध्ये सांगितली जाते. त्याच ऑस्ट्रियाचा शरीरसौष्ठवपटू आंद्रेयास म्युन्झर याचे नाव मात्र भाच्याने ऐकलेले नव्हते. अर्नोल्डला आदर्श मानणारा हा माणूस १९९६ च्या मार्चमध्ये, स्पर्धेनंतर काही दिवसांतच, ३१ व्या वर्षी गेला. मोमो बेनाझिझा तर १९९२ मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांतच गेला. हे दोघे व्यावसायिक होते आणि त्यांच्या औषधांची मात्रा निराळी होती, हे मला मान्य आहे. पण पाणी तोडण्याची युक्ती तीच आहे आणि ती आता गल्लीतल्या स्पर्धेपर्यंत पोहोचली आहे.

इंजेक्शनांबद्दल मी त्याला आडपडदा न ठेवता विचारले. तो म्हणाला, "अजून नाही." त्या 'अजून'वर मी बराच वेळ घेतला. सतराव्या वर्षी हाडांच्या टोकाची वाढ काही मुलांमध्ये पुरी झालेली नसते. बाहेरून स्टेरॉइड घेतले तर ती आधीच थांबू शकते आणि शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते. प्रोटीन पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो तरी पाहायला शिक, असेही सांगितले. त्याच्याकडच्या तीन डब्यांपैकी एकावर तो नव्हता.

तरीही त्याने उभे राहू नये असे मी म्हणणार नाही. सात अनिवार्य पोझेस शिकताना शरीराची जी ओळख होते ती नुसत्या लोखंडाने होत नाही, आणि परक्या पंचांसमोर शेजारच्या पोराबरोबर तुलनेला उभे राहण्याचा अनुभव आरशात मिळत नाही. कोल्हापूरच्या सुहास खामकरांचा २०१० चा 'मिस्टर एशिया' किताब त्याच्या मनात घर करून बसला आहे, त्यालाही माझी हरकत नाही. चड्डीची लाज हा ताईचा प्रश्न आहे, मुलाचा नाही. त्याला तर सकाळ-संध्याकाळ शर्ट काढायला निमित्तच हवे असते.

म्हणून मी त्याला म्हटले, सत्तरच्या गटात उतर. वजनकाट्यावर जाण्याआधी पोटभर पाणी पी, शेवटून पहिला आलास तरी चालेल. तो चिडला. "मग उभं राहून उपयोग काय?" असे विचारून आतल्या खोलीत गेला आणि जेवायला बाहेर आला नाही. ताई म्हणाली, बघितलेस ना. मी काही बोललो नाही, कारण पदकाशिवाय उभे राहायची तयारी नसेल तर या वर्षी थांबलेले बरे, हे मला तिच्यासमोर कबूल करायचे नव्हते.

अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. काल रात्री तो फ्रिजवर लावलेला दिसला. साठाचा आकडा खोडलेला आहे, त्याच्यापुढे अजून काही लिहिलेले नाही आणि सहीची जागाही कोरीच आहे.