सोललेलं गॅरेज

आज सकाळी गाडी बाहेर काढताना खालून चर्रर्र असा आवाज आला. उतरून पाहिलं तर चार टायरांना करडे पापुद्रे चिकटलेले आणि गॅरेजच्या जमिनीवर चार पांढरी भगदाडं. कोब्यावर इपॉक्सी, म्हणजे फरशीचा तो चकचकीत टणक रंग, मारून आज बारावा दिवस. बाराव्या दिवशी लोक बारसं करतात, आमच्याकडे तेरवीची वेळ आली.

तेवढ्यात फाटकाशी शेजारचे काका, हातात दुधाच्या पिशव्या.

"काय करून राहिले भाऊ, सकाळी सकाळी?"

"काही नाही काका, थोडा रंग निघाला."

"थोडा?"

काका आत आले. आधी चपला काढल्या. 'चपला बाहेर काढाव्यात' असा कागद मीच दाराला लावला होता. पिशव्या बाजूला ठेवून उकिडवे बसले, भगदाडाच्या कडेला नख घातलं आणि वीतभर पापुद्रा अलगद सोलून काढला.

"अरे बाप्पा! संत्रं बी इतकं सोपं नाही सोलल्या जात."

मग तो उजेडात धरून, उलटापालटा करत, "किती लागले म्हणत होते तुम्ही?"

मी गप्प. आकडा त्यांना पाठ होता. फुशारकीत पाच हजार वाढवून मीच सांगितला होता.

"गाडी कितव्या दिवशी लावली?"

"तिसऱ्या. ठेकेदार म्हणाला, चालते."

"चालते नं! गाडी चालते. फरशी बी तिच्यासंगं चालली."

एवढं बोलून स्वतःच इतके हसले की एक पिशवी लवंडली. दूध इपॉक्सीवर सांडलं नाही, हे दुधाचं नशीब.

खरी चीड मला त्या ठेकेदाराची आहे. हाताला कोरडं लागलं म्हणजे रंग पक्का झाला असं नसतं. गाडी उभी करायला साधारण आठवडा थांबावं लागतं. त्यात हा नवतपा, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस. इतवारी बाजारातून भर दुपारी आलेल्या गाडीचे टायर तव्यासारखे तापलेले. त्यांनी थर मऊ पडतो, रात्री निवता निवता टायर तो घट्ट धरतात आणि सकाळी सोबत घेऊन निघतात. पण काकांच्या हातातल्या पापुद्र्याची खालची बाजू पाहिली आणि डोकं फिरलं. पिठासारखी भुकटी! कोबा मशीननं घासून वरचा कच्चा थर काढायचा असतो. या माणसानं खराटा फिरवला अन् रोलर काढला. रंग काँक्रीटला नाही, धुळीला चिकटला होता. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपनं चिकटवून सोळा तास ठेवायचा, खाली ओल दिसली तर रंगाचं नावच काढायचं नाही, ही साधी परीक्षासुद्धा त्यानं केली नाही. आता फोन 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर'. स्टेटसवर मात्र रोज नवी चकचकीत फरशी.

आणि मी? बारा दिवस वरून जपत होतो. बाईला तेजाबाची बाटली लपवून साबणाचं पाणी दिलं, स्कूटरच्या स्टँडखाली रबराचा तुकडा टाकला, पाहुण्यांना अनवाणी केलं. बायको म्हणाली, "देव्हाऱ्यात तरी असे जाता का हो?"

पापुद्रा काकांनी खिशात घातला. "घरी दाखवतो."

दुपारी चार वाजता, त्रेचाळीस डिग्रीत, फाटक पुन्हा वाजलं. काका, काकू आणि मागच्या गल्लीतले दोन अनोळखी गृहस्थ. चौघांनीही रांगेत चपला काढल्या.