सवलतीतल्या बेस गिटारवर पैसे घालावेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सवलतीत घेतलेल्या बेसवरचा माझा लेख वाचून तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं: दुकानदार गिटार स्वस्तात काढतो ती खोट असल्याशिवाय नाही. मी १५,५०० रुपयांचा बेस घेतला आणि त्यावर जवळजवळ तेवढेच पैसे घातले. त्या तीस हजारांत एखादा चांगला जुना जपानी बेस आला असता, आणि विकायला काढला तर वरच्या खर्चातला रुपयाही परत येत नाही. आवाज बोटांत असतो, पिकअपमध्ये (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात) नसतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनने तर तारासुद्धा बदलल्या नाहीत. आणि असं लिहून मी शिकणाऱ्या पोरांना खर्चाच्या नादी लावतोय.

हा शेवटचा आरोप मला लागला, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं बेस वाजवलेल्या माणसाने नव्या पोरांच्या पैशांची काळजी करावी, याचा मला आदरच आहे. ती काळजी मलाही आहे. फक्त पैसे वाया कुठे जातात याबद्दल आपलं एकमत नाही.

खोटेचा मुद्दा आधी संपवतो. सवलत अनेक कारणांनी मिळते: रंग बंद होतो, नवं मॉडेल येतं, कुणीतरी खोकं उघडून परत केलेलं असतं, बॉडीच्या कडेला टवका उडालेला असतो. माझ्या बेसचा तो हिरवा रंग कंपनीने बंद केला, म्हणून २२,००० चा बेस १५,५०० वर उतरला. खोटही असू शकते, हे तुमचं खरं. म्हणूनच काय बघून घ्यायचं ते लेखात सांगितलं होतं. बॉडीच्या टोकाकडून हेडकडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) एक डोळा मिटून नेक, म्हणजे लांब दांडा, बघायचा. हलका बाक चालतो, तो लागतोच. पण ई तारेच्या (सगळ्यात जाड) बाजूचा बाक एक आणि जी तारेच्या (सगळ्यात बारीक) बाजूचा दुसरा, म्हणजे नेकला पीळ दिसला, तर अर्ध्या किमतीतही तो बेस घेऊ नये. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) वाजवून बघायची. ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, बाक सांभाळणाऱ्या सळईचा) नट फिरवायला अजून वाव आहे की आधीच शेवटपर्यंत आवळलाय, हे दुकानदाराकडून तपासून घ्यायचं. याउलट व्हॉल्यूमचं बटण फिरवताना करकर होणं, जॅक सैल असणं, तारा गंजलेल्या असणं, यांना घाबरायचं नाही. यावर उलट आणखी सूट मागावी, कारण हे सगळं अगदी थोड्या पैशांत नीट होतं. नेक तसा होत नाही. ३४ इंचांच्या स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) चार तारा मिळून साधारण ७५ ते ८० किलोंचा ताण त्या लाकडावर चोवीस तास असतो.

आता पैशांचं. तुम्ही माझा सगळा खर्च एका बेरजेत धरलात, म्हणून तो वेडेपणा वाटतो. तो खर्च ज्या क्रमाने झाला तो बघा. सुरुवातीला फक्त नव्या तारा आणि सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची वगैरे नीट जुळवून घेणं), मिळून चार हजारांच्या आत. बेसच्या वागण्यात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. पिकअपवर खर्च झाला तो खूप नंतर, आणि त्याला कारण होतं. ते पुढे सांगतो. ज्या मुलाकडे आज पंधरा हजार आहेत त्याच्यासमोर तीस हजारांच्या बेसचा पर्यायच नसतो. तो पंधराचा बेस घेऊन वाजवायला लागतो आणि पुढचे पैसे जमतील तसे, लागले तरच, घालतो. दोन वर्षं थांबून तीस हजार जमवण्यात जी दोन वर्षं बोटं रिकामी राहतात, त्यांचा हिशेब तुमच्या बेरजेत कुठेच नाही.

सेटअपबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय, कारण तुमच्या पूर्ण प्रतिक्रियेत हा शब्द एकदाही आलेला नाही.

मी रत्नागिरीत राहतो. जूनमध्ये हवेत ओल भरली की लाकूड फुगतं आणि नेकचा बाक बदलतो. काल स्वच्छ वाजणारी तार आज तिसऱ्या फ्रेटवर खरखरते, नाहीतर इतकी उंच जाते की दाबताना बोट दुखतं. विदर्भ-मराठवाड्यात उलटं होतं: एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. पंधरा हजारांच्या बेसला हे होतं तसं साठ हजारांच्याही बेसला होतं. महागडा बेस कारखान्यातून नीट सेट होऊन निघाला तरी जहाज, गोदाम आणि आपला पावसाळा पाहिल्यावर तो तसाच राहत नाही. पुण्या-मुंबईत सेटअप करून देणारे आहेत. आमच्याकडे नाहीत, चिपळूणला नाहीत, लातूरलाही सहज सापडायचे नाहीत. म्हणून हे काम शिकणाऱ्याने स्वतः शिकावं असं मी म्हणतो. आणि सव्वा लाखाच्या बेसच्या ट्रस रॉडला पहिल्यांदा हात लावायची हिंमत कुणाची होणार? पंधराच्या बेसवर होते.

काम असं असतं. आधी तारा सुरात लावून घ्यायच्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत किती फट आहे ते बघायचं. साधारण ०.३ मिलिमीटर असावी; फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजता येते, ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा, नसेलच तर सैल करायचा, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि पुन्हा सूर लावून पुन्हा मोजायचं. मग सॅडलची, म्हणजे बॉडीवर तार जिथे टेकते त्या तुकड्याची, उंची: बाराव्या फ्रेटवर ई तार अडीच मिलिमीटरच्या आसपास, जी तार दोनच्या आसपास. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. मग इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर खरे लागणं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे. सगळ्यात शेवटी पिकअपची उंची. हा क्रम मोडायचा नाही, कारण पुढचं प्रत्येक माप मागच्यावर अवलंबून असतं. आधी इंटोनेशन लावलं आणि मग ट्रस रॉड फिरवला, तर इंटोनेशन पुन्हा लावावं लागतं.

एवढं केल्यावर ‘हा बेस बेकार आहे’ म्हणणारे बरेच जण गप्प होतात. भाग बदलण्याचा विचार त्यानंतर सुरू व्हावा.

आता पिकअप. तारांचा आवाज कमी-जास्त येत होता: ई आणि ए या जाड तारा दमदार, डी आणि जी या बारीक तारा मागे. इथे पिकअप विकत घ्यायची गरज नसते. प्रिसिजन या फेंडर कंपनीने आणलेल्या प्रकारच्या बेसमध्ये पिकअप दोन तुकड्यांत असतो, एक तुकडा ई-ए खाली आणि दुसरा डी-जी खाली. डी-जीचा तुकडा स्क्रूने थोडा वर घेतला की झालं. फुकटचं काम. पिकअप बदलला तो वेगळ्या दोषासाठी. कव्हरवर नख मारलं की अँपमधून (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरमधून) टकटक ऐकू यायची, आणि गणपतीच्या कार्यक्रमात अँपजवळ उभं राहून आवाज वाढवला की शिट्टी. पिकअपमधली कॉइल (तारेची गुंडाळी) मेणात बुडवून काढलेली नव्हती, म्हणून तिचे वेढेच थरथरत होते. हा दोष बोटांनी जात नाही. तुम्ही वाजवलं असतंत तरी ती शिट्टी आलीच असती.

आणि बदलताना सोपं गेलं, कारण हे वाद्य तसंच बनवलेलं आहे. फेंडर कंपनी काढणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली कॅलिफोर्नियात फुलर्टन इथे त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस आणला, त्याचा नेक चिकटवलेला नव्हता, स्क्रूंनी बसवलेला होता. वायरिंग स्क्रू काढले की समोर. १९५७ साली पिकअप दोन तुकड्यांचा झाला. एक तुकडा दुसऱ्याच्या उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा, त्यामुळे विजेची घरघर आपसांत कटते आणि तारांचा आवाज राहतो. तो आकार इतका रुजला की आजही स्वस्तातल्या बेसमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीचा पिकअप त्याच खाचेत बसतो. म्हणून सवलतीत घेऊन पुढे सुधारायचा बेस हवा असेल तर मी या प्रकाराचाच सल्ला देतो. फेंडरच्याच जॅझ प्रकारात दोन पिकअपांची लांबी मुळात थोडी वेगळी असते, आणि स्वस्त बेसमध्ये अनेकदा दोन्ही एकाच मापाचे बसवलेले असतात, तेव्हा मोजल्याशिवाय मागवू नये. रुंद चौकोनी पिकअप आणि आत सर्किट बोर्ड असलेला पाच तारांचा बेस सवलतीत कितीही मोहात पाडो, त्यात पुढे काही बदलणं कटकटीचं जातं. पॉटचंही (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाचंही) बघावं: स्वस्त बेसमधल्या छोट्या पॉटचं भोक लहान असतं, चांगला २५० केचा पॉट त्यात जात नाही, भोक वाढवावं लागतं.

ब्रिज (बॉडीवरचा, सॅडल बसवलेला धातूचा भाग) मी बदलला नाही आणि कुणाला बदलायला सांगितलंही नाही. जड ब्रिजमुळे आवाजात जो फरक पडतो तो मला किमतीच्या मानाने फार थोडा वाटतो. सॅडलचे बारीक स्क्रू गंजून अडकले असतील तर गोष्ट वेगळी, आणि किनाऱ्यावर ते अडकतात; शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब अधूनमधून दिला की टिकतात.

जेमरसनचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं. उजव्या हाताचं एकच बोट, १९६२ चा प्रिसिजन, आणि मोटाउनच्या त्या सगळ्या गाण्यांतल्या बेसच्या ओळी. बोटांचं महत्त्व याहून मोठं कोण सिद्ध करणार? पण त्याने तारा बदलल्या नाहीत त्या ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा होत्या. त्या तशाच जुन्या, मिटलेल्या आवाजाच्या त्याला हव्या होत्या. ब्रिजच्या झाकणाखाली फोम होता, तो सूर लांबू देत नव्हता. म्हणजे ज्या आवाजाला आपण जेमरसनचा म्हणतो त्यात तारांची निवड आणि फोमचा तुकडा दोन्ही आहेत. मी बसवलेल्या फ्लॅटवाउंड तारा आणि ब्रिजपाशी कोंबलेला स्पंज तिथूनच घेतलेला आहे, आणि स्पंजाला दहा रुपये पडले. जेको पास्टोरियस या प्रसिद्ध बेसवादकाने तर फ्रेट काढलेल्या जॅझ बेसच्या बोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं, म्हणजे गोल वेढ्यांच्या खरखरीत तारांनी लाकूड खाल्लं जाऊ नये. मोठे वादक वाद्याला हात लावत नव्हते असं इतिहासात दिसत नाही.

जुन्या जपानी बेसबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे, एका अटीवर. तुमच्यासारखा कान आणि डोळा असलेला माणूस सोबत हवा. जुन्या बेसचा ट्रस रॉड संपलेला आहे का, फ्रेट किती झिजलेत, हेड कधी तुटून चिकटवलंय का, हे सतरा वर्षांच्या मुलाला फोटोवरून कळत नाही, आणि नंतर तक्रार करायला दुकान नसतं. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला चार बेस हातात घेऊन बघता येतात. बाकी महाराष्ट्रातला मुलगा कुरियरने मागवणार.

विक्रीचं तुमचं म्हणणं बिनशर्त खरं आहे. सुधारणांचे पैसे परत मिळत नाहीत. त्यावर उपाय एवढाच की निघालेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूसकट, पिशवीत घालून ठेवायचा. विकताना जुने भाग परत बसवायचे आणि चांगले भाग पुढच्या बेसला वापरायचे. हे लेखात यायला हवं अशी तुमची सूचना असेल तर ती आज जोडतो.

आणि अँपचं. ‘पिकअपचे पैसे अँपला घातले असते तर बरं’ असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असतो. सरावाच्या छोट्या अँपचा स्पीकर तो जवळजवळ देतच नाही, आपण त्याच्या वरचे स्वर ऐकतो आणि बाकीचं कान भरून काढतो. नवा पिकअप अशा अँपमधून पारखणाऱ्याला फरक कळणार नाही. तेव्हा ज्याच्या पिकअपला खरा दोष नाही, त्याने तारा आणि सेटअपनंतर पैसे अँपकडे वळवावेत, नाहीतर निदान बरा हेडफोन घ्यावा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तो बेस वाजवल्याशिवाय कुठलाही भाग मागवू नये, हेही मी मुलांना सांगत आलोय.

तुमच्याकडून एक जाणून घ्यायचंय. तुमचा तो जुना बेस इतक्या पावसाळ्यांतून गेलाय, तर कार्यक्रम नसताना तुम्ही तारा थोड्या सैल करून ठेवता की सुरात ताणलेल्याच? मी ताणलेल्याच ठेवतो, कारण सैल-घट्ट करत राहिलं की नेक एका जागी बसत नाही असा माझा अनुभव आहे. तुमचा वेगळा असेल तर कृपया लिहा.