आधी मनगट, मग हृदय

हृदयविकारावरच्या तुमच्या लेखात वयानुसार हृदयात साचणाऱ्या अमायलॉइडला, म्हणजे विस्कटलेल्या प्रथिनाच्या तंतूंना, एकच ओळ मिळाली, म्हणून लिहितोय. यकृतात तयार होणारं ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन उतारवयात विस्कटतं, त्याचे सूक्ष्म तंतू हृदयाच्या स्नायूत साचतात आणि भिंती ताठ होतात. पण कितीतरी वर्षं आधी तेच तंतू मनगटात साचलेले असू शकतात. माझ्या वडिलांना शर्टाची बटणं लावता येईनात, रात्री मुंग्या आल्या की हात झटकत बसायचे. दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करायचं, ऑपरेशन झालं. सात वर्षांनी धाप, पायांवर सूज. तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी ते जुनं ऑपरेशन विचारलं. मनगटातून काढलेला तुकडा काँगो रेड या रंगद्रव्याने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिला, तर अमायलॉइड हिरवं चमकतं. तो तुकडा तेव्हा कुणी तपासलाच नाही हो!